गाडी थंड असतानाच दाखव

पोरी, तुझी गाडी सकाळी पहिल्या सेल्फला उठत नाही, उठली तर मिनिटभर थरथरते आणि मग दिवसभर काही तक्रार नाही, हे तू सांगितलंस. गॅरेजमध्ये नेलीस तेव्हा ती चोख चालत होती आणि मेस्त्री म्हणाला, ‘ताई, गाडीत काहीच नाही.’ त्याचंही खरं आहे. बदलापूरहून अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्यापर्यंत गाडी चालवत आणलीस, म्हणजे इंजिन चांगलं तापलेलं. तापलेल्या इंजिनात हा आजार दिसतच नाही. म्हणून पहिला कानमंत्र हाच आणि बाकीचे सगळे याच्या पोटातले: सकाळचा आजार सकाळीच तपासायचा. आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजला लावायची, चावी देताना सांगायचं की रात्रभर हिला कोणी हात लावायचा नाही, उद्याचा पहिला सेल्फ माझ्यासमोर मारायचा. याला जो मेस्त्री तयार होईल त्यालाच काम द्यायचं.

हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. त्यांचं गॅरेज उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये होतं. फाळणीनंतर त्यांचे वडील सिंधमधून कल्याण कॅम्पात आले होते. लष्कराच्या त्या छावणीचं 1949 साली उल्हासनगर झालं. उस्ताद बराकीत वाढले आणि बराकीसमोरच त्यांनी पाने-पक्कड मांडली. गिऱ्हाईक ‘सकाळी त्रास देते’ म्हणाला की ते बोनेट उघडून आधी टॅपेट कव्हरवर पंजा ठेवायचे. कव्हर कोमट लागलं तर बोनेट बंद. ‘कल सुबह लाना, और चलाके नहीं लाना, रात को छोड़के जाना.’ गिऱ्हाईक कितीही घाईत असला तरी त्यात सूट नव्हती. अंदाजाने पार्ट बदलणारा माणूस त्यांना मेस्त्री वाटतच नसे.

आता थंडीत नेमकं काय होतं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पेट्रोल पेटतं ते वाफ होऊन. इंजिन थंड असलं की पेट्रोलचा बराचसा भाग वाफ न होता भिंतींना चिकटून राहतो. ओली लाकडं पेटवायला रॉकेल जास्त लागतं, तसं थंड इंजिनाला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत आणि पहिल्या मारुती आठशेत यासाठी चोकची दांडी ओढायची असायची. किती ओढायची, कधी सोडायची, हे ज्याच्या त्याच्या हाताला माहीत. पुढे 2000 सालच्या आसपास एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या सगळीकडे आल्या, कार्ब्युरेटर गेला, चोकची दांडीही गेली. आता ते काम कॉम्प्युटर करतो. त्याला हात नाहीत, डोळे नाहीत. इंजिन किती थंड आहे, हवा किती आत येतेय, हे सेन्सर सांगतील तेवढंच त्याला कळतं. म्हणजे सकाळी गाडीला चार गोष्टी लागतात: सेल्फ जोरात फिरवणारी बॅटरी, योग्य दाबाने येणारं पेट्रोल, ठासून पडणारी ठिणगी आणि खरं बोलणारे सेन्सर. गरम इंजिन यातली एखादी कमी पडली तरी निभावून नेतं. थंड इंजिन नेत नाही.

आणि आपल्याकडची थंडी मुंबईची नाही. डिसेंबर-जानेवारीत बदलापूरचा पारा पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. एका बाजूला माथेरानचे डोंगर, समुद्र लांब, रात्र उघडी. दादरला ज्या गाडीचं दुखणं कळलंही नसतं ते आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी बाहेर पडतं.

आता कान लाव. पहिल्या पाच सेकंदांत गाडी अर्धं निदान स्वतः सांगते. सेल्फ जड, रडत-रडत फिरला तर बॅटरी, तिची टर्मिनल्स, अर्थिंग किंवा सेल्फ मोटर. सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पकडतं, तर पेट्रोलचा दाब. पकडतं आणि लगेच बंद पडतं, रेस दिली तर टिकतं, तर हवेचा मार्ग, म्हणजे थ्रॉटल बॉडी. पकडतं, पण तीन सिलिंडरवर चालल्यागत हादरतं आणि मिनिटभराने सुरळीत होतं, तर प्लग, कॉईल, गळका इंजेक्टर, नाहीतर सिलिंडरमध्ये झिरपणारं कूलंट. मेस्त्रीला ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम आहे’ एवढंच सांगू नकोस. यातलं कोणतं आहे ते सांग. फोनवर पहिल्या मिनिटाचा व्हिडिओ काढ, आवाज नीट येईल असा, आणि जमलं तर कोणालातरी सायलेन्सरकडे उभं करून धुराचाही.

बॅटरीपासून सुरुवात कर, कारण ती तपासायला फारसे पैसे लागत नाहीत. चारशे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन ठेव. बोनेट उघडून, दार लावून पाच-दहा मिनिटं थांब. दार उघडलं की गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जागी होतात, ती झोपू देत. मग आकडा बघ. 12.6 व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं. 12.4 म्हणजे चालेल. 12.2 म्हणजे अर्धीच. 12 च्या खाली गेली असेल तर आधी बॅटरी, बाकी सगळं नंतर. मग कोणालातरी सेल्फ मारायला सांग आणि आकडा किती पडतो ते बघ. 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी थकलेली. असं झालं की कॉम्प्युटरला आणि कॉईलला पुरेसा करंट मिळत नाही. सेल्फ फिरतोय म्हणून माणूस बॅटरीला निर्दोष सोडतो आणि प्लगवर पैसे घालतो, ते इथेच. गाडी चालू झाल्यावर 13.8 ते 14.5 च्या आसपास दिसलं पाहिजे. नसेल तर अल्टरनेटर बघायला सांग.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोक करतात. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धर, आणि सेल्फ मारायला सांग. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. इंजिन आणि बॉडी जोडणारी ती विणलेली पट्टी आपल्या पावसाळ्यात गंजते. ती काढून, सँडपेपरने घासून, घट्ट बसवली की कित्येकदा नवी बॅटरी वाचते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी निगेटिव्ह काढ, मग पॉझिटिव्ह, गरम पाण्यात खायचा सोडा घालून धू, कोरडं कर, बसव आणि वरून व्हॅसलिनचा हात दे.

बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं थंडीत. एप्रिल-मेमध्ये बदलापूर-अंबरनाथचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बॅटरीच्या आत झीज होते. गरम इंजिन सहज फिरतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून बॅटरी तीन वर्षांची झाली की दिवाळीच्या आधी लोड टेस्ट करून घ्यायची.

आता तुझ्या वापराबद्दल स्पष्टच सांगतो. कात्रपहून स्टेशन, गाडी लावली, लोकल पकडली, संध्याकाळी परत घर. जेमतेम दोन किलोमीटर. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आपल्या तिन्ही गावांत हजारो गाड्या एवढ्याच चालतात, आणि सकाळच्या कुरकुरीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. दोन किलोमीटरमध्ये इंजिन तापत नाही. तोपर्यंत कॉम्प्युटर पेट्रोल जास्तच ओतत राहतो, कारण त्याच्या हिशेबाने इंजिन थंडच आहे. ते जास्तीचं पेट्रोल नीट जळत नाही, प्लगवर काजळी बसते, थोडं पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. सेल्फने खाल्लेला करंट बॅटरीला परत मिळायच्या आत गाडी बंद होते. ऑइलचं झाकण उघडून आतून बघ. पांढरट-पिवळट चिकटा दिसला तर बहुतेक वेळा तो न उडालेल्या वाफेचा असतो. उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा गाडी कर्जतच्या रस्त्याने वांगणी-नेरळपर्यंत ने आणि परत आण. सलग अर्धा-पाऊण तास, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जरा मोकळं चालवत. सोसायटीत उभ्या उभ्या दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याने यातलं काहीच साधत नाही. उलट काजळी वाढते. आणि ऑइल किलोमीटर भरायची वाट न बघता वर्षाला बदल.

पेट्रोलचा दाब तपासायची युक्ती बिनपैशाची आहे. सकाळी चावी ‘ऑन’ला ने, सेल्फ मारू नकोस. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येईल. ती टाकीतली मोटर. ती थांबली की चावी बंद, पुन्हा ऑन, पुन्हा गुणगुण. असं दोन-तीनदा कर आणि मग सेल्फ मार. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबलं की हेच होतं. असं केल्यावर गाडी पहिल्या फटक्यात उठली, तर रात्रीतून लाइनमधला दाब उतरतोय हे नक्की झालं. बहुधा मोटरमधला एकतर्फी व्हॉल्व्ह गळतोय, क्वचित इंजेक्टर. दोन्हीत फरक कसा ओळखायचा? इंजेक्टर गळत असेल तर ते पेट्रोल रात्रभर सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी पेट्रोलचा वास येतो, पहिला धूर काळा निघतो आणि वरची युक्ती केली तरी फारसा फरक पडत नाही, कधी कधी त्रास वाढतोच. तेव्हा रेस पूर्ण दाबून सेल्फ मारून बघ. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की सेल्फ फिरत असताना पेट्रोल बंद होतं आणि भरलेलं इंजिन मोकळं होतं. तेवढ्याने उठली तर इंजेक्टर काढून मशीनवर तपासून घे.

सीएनजीबद्दल नीट ऐक, कारण तुझी गाडी सीएनजीची आहे आणि माझ्या मते दुखण्याचं दुसरं मूळ इथे आहे. सीएनजीच्या काही नव्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आधी पेट्रोलवर उठतात आणि इंजिन जरा तापलं की आपोआप गॅसवर जातात. म्हणजे तू महिनाभर गॅसवर चालवलीस तरी प्रत्येक सकाळ पेट्रोलची असते. आणि पेट्रोलकडे तर कोणाचं लक्ष नसतं. सीएनजीच्या रांगेत तासभर उभं राहून टाकी फुल करणारा माणूस पेट्रोलचा काटा लालवर आला तरी दोन-चार लिटरच टाकतो. ते दोन-चार लिटर महिनोन्‌महिने पडून राहतं. पेट्रोलचे हलके अंश उडून जातात, आणि थंडीत पेट घेणारे तेच असतात. इंजेक्टर वापराविना पडून राहतात, त्यांच्या तोंडाशी चिकटा बसतो. टाकीतली मोटर थंड राहते ती भोवतीच्या पेट्रोलमुळे. बऱ्याच गाड्यांत गॅसवर चालतानाही ती फिरतच असते, आणि पेट्रोल तळाला असलं की तापून तिचं आयुष्य घटतं. मग गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, ‘सीएनजी किट खराब झालं.’ किटचा यात काही संबंध नसतो.

तेव्हा हे पाळ. पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. आठवड्याला एकदा, त्या वांगणीच्या फेरीत, दहा-बारा किलोमीटर पेट्रोलवर चालवायची. संध्याकाळी घरी पोचायच्या आधीचा अर्धा किलोमीटर पेट्रोलवर घेतलास तर उत्तम. मग इंजेक्टर पेट्रोल भरलेले राहतात आणि सकाळी लगेच उठते. गाडी एकदा पूर्ण दिवस पेट्रोलवर चालवून बघ. पेट्रोलवर गरम इंजिनही उसळत असेल तर दुखणं पेट्रोलच्या बाजूला आहे हे नक्की.

प्लगचं सांगतो. गॅसला पेट घ्यायला ठिणगी जास्त ताकदीची लागते. म्हणून सीएनजीत प्लग आणि कॉईल लवकर दमतात, आणि प्लगची फट पेट्रोलच्या गाडीपेक्षा जरा कमी ठेवावी लागते. किती, ते गाडीच्या पुस्तकात असतं. मेस्त्रीने नजरेने ठेवली तर चालवून घेऊ नकोस, फिलर गेज लावायला सांग. जुन्या सीएनजी गाडीत आणखी एक होतं. व्हॉल्व्हची बैठक झिजते, टॅपेटची फट कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. प्लग, बॅटरी, पेट्रोल सगळं ठीक असून सकाळी हादरत असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांग आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घे. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर तो आपलं नाव सांगतो.

पेट्रोलचंही आता पूर्वीसारखं नाही. 2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सरसकट मिळतं. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, त्यामुळे थंड इंजिन थोडं जास्त कुरकुरतं. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं, आणि मोटर तळातूनच ओढते. आपल्याकडचे चार महिने पाऊस, वर टाकी अर्धी रिकामी आणि गाडी आठवडाभर उभी, अशी गाठ पडली की हे होऊ शकतं. शंका आली तर पेट्रोलचा नमुना काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेव. खाली वेगळा थर दिसला तर टाकी उपसून धुवायची. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेव.

प्लग काढलेस की फेकू नकोस, ओळीने मांड, कोणता कोणत्या सिलिंडरचा हे लक्षात राहील असे. टोकाचा रंग कॉफीचा किंवा फिकट तपकिरी, तर ठीक. कोरडी काळी काजळी, तर पेट्रोल जास्त जातंय किंवा गाडी फार कमी चालतेय. ओला आणि पेट्रोलचा वास, तर ठिणगी पडत नाही किंवा इंजेक्टर गळतोय. पांढराफटक, तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. एकच प्लग धुतल्यागत स्वच्छ निघाला आणि कूलंट कमी होत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. चारही एकसारखे बिघडले असतील तर दोष सगळ्यांच्या वरचा, म्हणजे सेन्सर, दाब, हवा. एकच बिघडला असेल तर त्याच सिलिंडरपुरता.

कॉईलचा दोष पकडायला अदलाबदलीएवढी चांगली पद्धत नाही. फोनला जोडायचं छोटं स्कॅनर हजाराच्या आत मिळतं. त्यात पी 0301 आला तर पहिल्या सिलिंडरला मिसिंग, पी 0302 आला तर दुसऱ्याला. पी 0301 असेल तर पहिल्याची कॉईल दुसऱ्यावर लाव आणि दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसून दुसऱ्या सकाळी चालू कर. कोड पी 0302 झाला तर कॉईल खराब. पहिल्यावरच राहिला तर कॉईल चांगली, आता प्लगची अदलाबदल. असं केलं की एकच पार्ट बदलावा लागतो आणि तो नेमका हवा तोच असतो. मिसिंग करत असलेली गाडी तशीच दामटू नकोस. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो पार्ट महाग आहे.

जून ते सप्टेंबरमध्येच त्रास होत असेल आणि कडक ऊन पडल्यावर थांबत असेल, तर ओल आहे. जुन्या गाडीत प्लगच्या जाड वायरी असतात. रात्री अंधारात बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, वायरींवर फवाऱ्याने बारीक पाणी मार आणि हात लांब ठेव. निळ्या ठिणग्या उड्या मारताना दिसतील तिथे वायर फुटलेली. नव्या गाडीत कॉईलखालचं रबर फाटलेलं असतं, प्लगच्या खोबणीत पाणी किंवा ऑइल साचलेलं असतं.

हवेच्या बाजूला दोन गोष्टी. थ्रॉटल बॉडीत झडपेच्या कडेला काळा चिकटा बसतो, त्यामुळे रेस सोडलेली असताना जी थोडीशी हवा जायला हवी ती जात नाही आणि गाडी चालू होऊन बंद पडते. क्लीनर फडक्यावर घेऊन पूस. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नकोस. साफ केल्यावर काही गाड्यांत स्कॅनरने आयडल नव्याने शिकवावं लागतं. दुसरी, रबराच्या नळ्या. थंडीत रबर आखडतं, भेग उघडते, जास्तीची हवा आत शिरते. तापलं की रबर फुगतं आणि भेग मिटते. म्हणूनच हाही दोष दुपारी सापडत नाही. सकाळी चालू केल्या केल्या नळ्या एकेक करून वाकवून बघ, सुस्कारा ऐकू येतो का. क्लीनरचा फवारा मारून शोधतात, तो मेस्त्रीला मारू दे, तोही इंजिन थंड असतानाच. तापलेल्या सायलेन्सरवर तो उडाला तर आग लागते.

सेन्सरची परीक्षा सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी केली जाणारी. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी सेल्फ न मारता चावी ऑन कर आणि स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघ. दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेएवढे हवेत. हवा 14 दाखवतेय आणि कूलंट 55, तर सेन्सर कॉम्प्युटरला ‘इंजिन तापलेलं आहे’ म्हणून फसवतोय आणि तो पेट्रोल कमी देतोय. कूलंट उणे 40 दाखवत असेल तर त्याची वायर तुटलेली. हा सेन्सर स्वस्त आहे, आणि याच्यामुळे लोकांनी इंजेक्टर बदललेले मी पाहिलेत. कोणीही मोठ्या खर्चाचं बोलायला लागला की आधी विचार, ‘थंड गाडीवर दोन्ही तापमानं बघितलीत का?’

सकाळी चालू होताना दोन-तीन सेकंद खडखडाट होऊन थांबत असेल तर बहुधा स्वस्तातला नकली ऑइल फिल्टर. त्यात ऑइल रात्री खाली उतरू न देणारा रबराचा पडदा नीट नसतो. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाल. पातळ ऑइलच्या इंजिनात जाड 20डब्ल्यू-50 भरलं की थंडीत सेल्फही जड होतो.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलायची नाही. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब येणं साहजिक आहे, पाच-दहा मिनिटांत थांबतं. पण दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल, गाडी पहिली काही सेकंद हादरून मग सुरळीत होत असेल आणि कूलंटची पातळी गळती न दिसता उतरत असेल, तर हेड गॅसकेट. रात्री दाबाखालचं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं. ही गाडी चालवत गॅरेजला नेऊ नकोस, टो करून ने. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नकोस.

उंदीर विसरू नकोस. आपल्या सोसायट्या शेतांच्या कडेला आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापलं की शेतातले उंदीर गरम बोनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. काल चांगली असलेली गाडी आज अचानक तीन सिलिंडरवर आली, तर आधी टॉर्च घेऊन इंजेक्टरच्या वायरी आणि बोनेटखालचं फोम बघ. तंबाखूची पुडी काही दिवस चालते. हवेच्या तोंडांना बारीक जाळी आणि गाडीत खाण्याचे कण न ठेवणं जास्त उपयोगी.

तुझ्या दादाच्या टेम्पोचं गणित वेगळं. डिझेलला प्लगची ठिणगी नसते. पिवळा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ. त्याला सांग, आनंदनगर एमआयडीसीत सहाला पोचायचं असलं तरी ते काही सेकंद द्यायचे. डिझेलच्या वासाचा पांढरा धूर सोडत हादरत असेल तर हीटर प्लग एकेक करून तपासायचे. खूप सेल्फ मारल्यावर उठत असेल तर लाइनमध्ये हवा शिरतेय. फिल्टरवरचा हातपंप दाबून बघ, सैल लागला तर नळीचे जोड बघायचे. फिल्टरखालचं पाणी दर पावसाळ्यात काढायचं.

शेवटचं पुराबद्दल, कारण तू उल्हास नदीच्या गावात राहतेस. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा 2019 च्या जुलैमध्ये, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा, मांजर्ली-हेंद्रेपाड्यात किती गाड्या बुडाल्या ते मी पाहिलंय. त्यातल्या कितीतरी इंजिनांचा जीव पाणी ओसरल्यावर कोणीतरी ‘बघू तरी चालू होते का’ म्हणून मारलेल्या सेल्फने गेला. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडीत चाकांच्या वर पाणी शिरलं असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढ, चावी घरात ठेव आणि टो व्हॅन बोलाव. प्लग काढून पाणी उपसायचं, ऑइल आणि फिल्टर बदलायचे, एअर फिल्टर फेकायचा, मग हाताने इंजिन फिरवून बघायचं. त्यानंतरच सेल्फ. साध्या विमा पॉलिसीत अशा इंजिनाचा खर्च सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. तुझी पॉलिसी संपत आली असेल तर पावसाळ्याच्या आधी ते त्यात आहे का ते बघून घे.